सकाळची पाळी

सोमवार, गुरुवार. मेडिकलच्या मागची गल्ली, दुसरा मजला,
बेड अकरा, बारा, तेरा.
आमच्या तिघांचं रक्त चार तास बाहेर फिरून येतं.
तोवर स्टुलावर मोबाईल उभा करून
आम्ही ती जपानी कार्टूनं पाहतो,
ज्यात पोरगा पहिल्याच मिनिटाला ट्रकखाली येतो
अन् डोळे उघडतो तर दुसरंच जग:
दोन चंद्र, बोलका कोल्हा, कमरेला तलवार.

"दर वेळी ट्रकच काहून बे?"
टेकचंद बिसेन विचारतो. गोंदियाचा,
बावीस वर्षं कोळसा अन् संत्री वाहिलेला.
"अन् ठोकल्यावर ट्रकवाला कुठं जाते,
हे काहून नाही दाखवत?"

मी म्हणतो, काका, खालचं वाचू द्या.
मीच वाचून दाखवतो दोघांना,
वाचता वाचता अर्धं बदलतो.
राक्षसीणीला काळी मारबत म्हणतो,
आंधळ्या राजाला वीज मंडळ.
कुंदाताई हेडाऊ पोट धरून हसतात.
गोळीबार चौकात मागावर पाठ गेली त्यांची.
सुई नसते तेव्हा मनगटाची फुगलेली शीर
माझ्या कानाला लावतात:
ऐक, माग अजून चालू आहे.

मे महिन्यात, शेहेचाळीस डिग्रीत,
कूलर नुसता फुरफुरत होता.
आम्हाला दिवसाला तीन ग्लास,
त्यातच चहा, त्यातच वरण.
मी विचारलं, तिथं जन्मलो तर कोणती शक्ती मागायची?
टेकचंद म्हणाला, मले घोडा.
झिरो माइलवरच्या चार दगडी घोड्यांतला एक.
एक तुले, एक ताईले,
उरला तो कोल्ह्याले.
कुंदाताई बराच वेळ गप्प.
मग म्हणाल्या, तांब्याभर पाणी.
न मोजता. उभ्यानं. गटागटा.

त्यावर कोणी काही बोललं नाही.
पंप फिरत राहिले.

जुलैतल्या एका गुरुवारी बेड बारावर नवीन चादर.
सिस्टर म्हणाली, रात्री दोनला फोन आला ताईंना.
पेपरात होतंच सकाळी: बुटीबोरीच्या अलीकडे,
एकोणीस वर्षांचा मुलगा, मोटारसायकल,
आईवडिलांनी हो म्हटलं.
कशाखाली आला, तेही होतं.
टेकचंदनं पेपर चौघडी करून उशीखाली सारला.
त्या दिवशी कार्टून लावलं नाही.
चार तास त्यानं छताकडे पाहिलं,
हात मात्र पोटावर धरला होता,
स्टिअरिंग धरल्यासारखा.

दोन महिन्यांनी दारात मास्क लावून कोणी उभं.
डोळ्यांवरून ओळखलं.
आत यायची परवानगी नव्हती,
तिथूनच ओरडल्या,
"अरे, लघवी झाली! पहिल्याच दिवशी, बादलीभर!
नर्सबाईनं टाळ्या वाजवल्या!"
सगळा वॉर्ड हसला, बेड चारचे आजोबासुद्धा.

पर्समधून बाटलीचं झाकण दिसत होतं,
त्यांनी ते पदराआड केलं.
टेकचंद म्हणाला, "पी न ताई.
आमच्या समोर पी. आम्ही पाहून राहिलो."

मास्क खाली आला.
उभ्यानं, डोळे मिटून, अख्खी बाटली.
गळ्याची हाडं वर-खाली होत होती,
एक थेंब हनुवटीवरून निसटला
अन् मला वाटलं, माझीच तहान थोडी कमी झाली.
हे खोटं आहे. वाढली.
पण वाटलं.

"लाव न ते," त्या म्हणाल्या,
अन् उजव्या कुशीवर हात ठेवला,
"यालेही पाहू दे.
याच्या वयाची पोरं पाहतात म्हणे."

सिस्टर म्हणाली, पाच मिनिटं, फक्त पाच.
मी स्टूल दाराकडे वळवलं, आवाज वाढवला.
बटणाला बोट लावणार, तेवढ्यात टेकचंद,
भिंतीकडे तोंड करून:
"पहिलं मिनिट सोड बे.
त्याच्या पुढून लाव."