उलाळ

भोसरीत शिकलगारांच्या शेडमध्ये तीन ट्रेलर उभे होते.
पहिल्याला दोन पन्हळी, मोटारीसाठी.
दुसऱ्याला एकच, मधोमध, दुचाकीसाठी.
नाना काठीवर हनुवटी टेकवून बघत राहिले.
पहिल्यात आमचं पुढचं चाक अधांतरी,
दुसऱ्यात मागची दोन्ही.
"दोनवाल्यांत बसत नाही, चारवाल्यांत बसत नाही,
जन्मभर हेच," म्हणाले,
आणि स्वतःच्याच वाक्यावर खूश झाले.

तिसऱ्याला सलग पत्रा होता, खवल्यांचा,
कडेला गंजलेला.
पूर्वी त्यावर लग्नांतला जनरेटर फिरायचा.
शिकलगारांनी टेप लावला:
मडगार्डांच्या आत साडेचार फूट,
आमची गाडी चार फूट दोन इंच.
नानांचा टेपवर विश्वास नाही,
त्यांनी वितीनं पुन्हा मोजलं.

रॅम्प आखूड होता.
आमच्या गाडीचं पोट खाली आहे,
सत्याऐंशी साली खडकीच्या एका लोहारानं
नानांचा पाय जेवढा उचलतो
तेवढ्याच उंचीवर जोडलेलं.
"सात फुटी करा," मी म्हटलं.
"आठ," नाना.

मग मी विचारलं, वजन कुठं ठेवायचं.
"बैलगाडीचंच गणित, ताई.
मागं भरलं की गाडी उलाळ,
जू वर जातं, बैलाचा गळा आवळतो.
पुढं भरलं की धुरजड,
बैल गुडघ्यावर येतो.
दांडी एका माणसाला उचलता यावी,
पण उचलताना आई आठवावी."
तीन चाकं कुठं टेकतील
ते त्यांनी पत्र्यावर खडूनं आखून दिलं.

रविवारी पहाटे पाचला, दापोडी.
नाना म्हणाले, ढकलायची नाही, मी चढवणार.
तीस वर्षं तिनं मला कारखान्यात नेलं,
दोरी लावून ओढायला ती काय म्हैस आहे?
त्यांच्या खांद्याची वाटी झिजलेली,
कात्रजच्या चढाला क्लच धरवत नाही,
म्हणून तर हा सगळा खटाटोप.
पण आठ फुटांचा चढ ते चढले,
खडूच्या खुणेवर थांबले,
आणि उतरायला मात्र मला हात मागितला.

बोगद्यापर्यंत ते मागच्या सीटवर उलटे बसून
काचेतून तिच्याकडे बघत होते.
दहा किलोमीटरवर थांब. पट्टे बघ.
आता पुन्हा थांब.
शिवापूरला चहासाठी वळले आणि फसले,
रिव्हर्स घ्यायचा तर स्टिअरिंग डावीकडे
की ट्रेलर उजवीकडे.
तीनदा आडवी झाले. ट्रकवाला उतरून आला.
"तू लहानपणी अशीच होतीस," नाना म्हणाले.
"मग तुम्ही काय करायचा?"
"हवं त्याच्या उलटं सांगायचो."

भाटघरच्या पाण्याकडेनं त्यांनी पाऊण तास चालवली.
दोन वळणांपलीकडून आवाज येत होता,
मग नुसती टिटवी,
मग पुन्हा आवाज.
मी रिकामा ट्रेलर घेऊन जरा पुढं गेले
तर तो भरलेल्यापेक्षा जास्त खडखडला.

परतताना पट्टे मी एकटीनं बांधले.
पुढून फुली, मागून फुली,
रॅचेट करकरेपर्यंत.
नाना आधीच जीपमध्ये जाऊन बसले होते, दमून.
काच खाली करून म्हणाले,
"हँडल धरून हलव."

हलवलं.
गाडी हलली नाही.
ट्रेलर हलला, दांडी हलली, जीप हलली,
आणि जीपमध्ये बसलेले नाना हलले.

"झालं," ते आतून म्हणाले. "नीघ."