गुलग्रिली

तक्रारीच्या अर्जात सहा ओळी मोकळ्या असतात.
जुंबेरने एकच शब्द लिहिला : गुलग्रिली.
खाली सही, भट्टीवर राबणाऱ्या हाताची,
कागद फाटेल इतकी दाबून.

मला तो रकान्यात बसवायचा होता.
उशीर, औषध, पैसे, इतर.
झेस्टापोनीच्या दवाखान्यात बारा वर्षं
मी माणसांचा राग असा चौकटीत घालते.

गुली म्हणजे काळीज. ग्रिली म्हणजे गार.
आमची अर्धी भाषा काळजातूनच निघते :
उदार माणूस काळजाने सढळ,
विसराळूसुद्धा काळजानेच विसरतो.
आणि गार तर आम्हाला किती आवडतं!
अक्रोडाखालची जागा, पुरलेल्या रांजणातली वाइन,
ऑगस्टच्या दुपारी चर्चच्या दगडाला टेकलेलं कपाळ.
दोन चांगले शब्द शेजारी बसवले
आणि शिवी झाली.

त्सियालाला गाठलं तेव्हा ती बँडेजं मोजत होती.
त्या पहाटे तू त्याला नेमकं काय म्हणालीस?
"चार वाजून दहा मिनिटं."
आणि?
"आईचा चष्मा दिला, कंगवा, कवळी. सही घेतली."
एवढंच?
"पहिल्या वर्षी रडायचे गं. एकदा डोळे पुसता पुसता
शेजारच्या खाटेला दुप्पट डोस गेला.
लिही, बरोबर म्हणतोय तो."

मी तसं लिहिलं नाही. 'इतर'वर खूण केली.

जुलैत जुंबेरलाच आणलं,
उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला.
त्सियालाने तो नळाखाली धरला
आणि नजर भिंतीवरच्या त्याच घड्याळावर ठेवली.
वीस मिनिटं.
फार दुखतंय का, एकदाही विचारलं नाही.
तो ओरडला, तिच्या सात पिढ्या काढल्या,
मग नुसता श्वास उरला.
पाण्यात तिचीही बोटं सुरकुतली होती.
"बंद करू?"
"नको."

मग त्याच्या ओठांवर तो शब्द आला,
अर्धाच, मागचा अर्धा.
पाण्याबद्दल म्हणाला की आणखी कशाबद्दल,
मला दारातून कळलं नाही.
तिने मान वर केली नाही.

अर्ज त्याने मागे घेतलेला नाही.
माझ्या खणात आहे, खिडकीपाशी.
दुपारी काढला तर हाताला
चांगला तापलेला लागतो.