दर गुरुवारी पागधरे येतात

दर गुरुवारी साडेदहाला पागधरे येतात.
चपला दाराबाहेर, डबा फ्रिजवर,
आणि बसतात खुर्चीच्या अगदी कडेला,
अजूनही बेल वाजली तर उठावं लागेल, असे.
ते शहात्तर. मी चौऱ्याऐंशी.
हिंदू कॉलनीतल्या या दुसऱ्या मजल्यावर
मी सांगते, ते घेतात.
आत्मचरित्र, म्हणे.
प्रकाशकाला सुरुवातीलाच हवंय 'पहिली स्त्री'.

पहिली म्हणजे काय, घ्या लिहून:
धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात
आमच्या मजल्यावर बाईमाणसाची सोय नव्हती.
सकाळी आठनंतर पाणी प्यायचं नाही
हा मी दिलेला पहिला निकाल,
माझ्याचविरुद्ध, एकतर्फी,
त्यावर अपील नव्हतं.
बामजी वकील तीन आठवडे मला 'सर' म्हणत राहिले,
खोडीने नव्हे, सवयीने.
चौथ्या आठवड्यात मीच ओ दिली.

पागधरे हसत नाहीत. कधीच हसले नाहीत.
मधुसूदनने अकरा वर्षं प्रगतिपुस्तकांवर सह्या केल्या
हे सांगताना माझा आवाज जरा उंच झाला,
तर त्यांनी पेन्सिल थांबवली
आणि खिडकीबाहेर कुणाच्या तरी वाळत घातलेल्या
पांढऱ्या शर्टाकडे बघितलं.

आज पिशवीतून त्यांनी वही काढली.
एकोणऐंशी सालची. पुठ्ठ्याला सुतळी.
'बाई, हे कधी दाखवलं नाही.'
मुगभाटातली खोली नंबर अकरा, ट्रस्ट विरुद्ध ढवण.
मला तो खटला आठवतो. ढवण पितळेला कल्हई करायचा,
साक्षीला उभा राहिला तेव्हा
नखांतलं काळं लपवायला मुठी मिटून होता.
मालकाला घालवलं तर हाल की भाडेकरूला,
अधिक हाल कोणाचे, हे तोलायचं होतं.
त्या कायद्यात तोलायची सोय होती.

निकाल इंग्रजीत सांगत होते. चौदावा परिच्छेद.
पागधरे बोट ठेवून वाचतात,
कारण पिटमनच्या रेघांना भाषा कळत नाही,
फक्त आवाज कळतो:
'वादीची गरज खरी आहे, तथापि
किती आहे? एकशेतीन?
कपाळावर पट्ट्या ठेवा, टिपणीसबाई,
तिला सांगा मी निघालेच
प्रतिवादीला मुंबईत दुसरा निवारा नाही.'

फोन माझ्या डाव्या हाताला असायचा.
बोलून ठेवला असेन, आणि पुढे गेले असेन.
हा माणूस मात्र थांबला नाही, त्याचा हात चालूच राहिला.
टाइप करताना त्याने ओळ गाळली,
निकाल स्वच्छ गेला, वरच्या कोर्टात टिकलाही.
ढवण राहिला खोलीत.

'किती वाजता निघाले मी?'
पागधरे पान उलटत नाहीत. पाठ आहे त्यांना.
'सात दहा. शिपाई चावी घेऊन उभा होता.'

संध्याकाळी शलाकाला विचारलं.
ती सिंकमधलं पाणी बंद न करता म्हणाली,
ताप नाही आठवत गं,
टिपणीसकाकूंच्या बांगड्या आठवतात,
मनगट कपाळाला लागलं की गार.
मग भांडं उपडं घातलं आणि म्हणाली,
कांजिण्या होत्या, ताप काय नुसता.
पुस्तकात नीट लिही.

आता हा मजकूर कुठे घालायचा?
'पहिली स्त्री'त, की 'कुटुंब' म्हणून
शेवटी जे बारीक प्रकरण ठरलंय त्यात?
मी पागधऱ्यांना फोन केला.
पलीकडे टीव्ही चालू होता, तो कुणीतरी लहान केला.
ते म्हणाले, 'होती तिथेच राहू दे, बाई. चौदाव्यात.'
मग थोडं थांबून, संकोचत:
'पिटमनमध्ये पूर्णविराम म्हणजे बारीकशी फुली.
मघाशी सांगायचं राहिलं.
तुमच्या "निघालेच"पुढे
मी फुली दिलेली नाही.'