हिस्सा

नोटीस दोनदा छापली, नियमाप्रमाणे.
साप्ताहिकाच्या नवव्या पानावर,
गवताच्या गठ्ठ्यांच्या जाहिरातीखाली.
सुनावणीला आले अकरा जण,
त्यातले चार हीटरसाठी.

बॉइसीहून आलेल्या सल्लागाराने पडद्यावर दाखवलं,
एक नवं घर रस्त्यावर केवढा भार टाकतं:
दिवसाला साडेनऊ फेऱ्या.
मी इतिवृत्तात लिहिलं, साडेनऊ.
अर्धी फेरी कुणाची, कुणी विचारलं नाही.
गेला आणि परतला नाही, अशा कुणाची असेल.

मग बंबाचा हिस्सा. बागेचा. पुलाचा.
जुनी खोट नव्याच्या माथी मारायची नाही,
असं कायदाच म्हणतो.
गावातले आजचे खड्डे आमचे, आम्हीच बुजवायचे;
नव्याने द्यायचं ते आपल्या वजनापुरतं.
एकोणीस वर्षं या टेबलाशी बसतेय,
इतकं सरळ वाक्य टाइप केल्याचं आठवत नाही.

वर्डेल थॉर्स्टेड उठला. टोपी तशीच डोक्यावर.
"आम्ही आलो तेव्हा कुणी तोललं होतं आम्हाला?"
कुणाच्या बाजूने बोलला, ते त्यालाही कळलं नसावं.
बसला.

शेवटच्या रांगेत ग्रिसेल्डा ओरनेलास,
डेअरीतून थेट आलेली, रबरी बूट पायात,
सातवा महिना.
प्लॉट नंबर चौदा तिने बुक केलेला.
रकमेबद्दल चकार शब्द नाही.
एवढंच विचारलं:
"बंब येणार कधी?"

सल्लागाराने कागद उलटले.
आठ वर्षांच्या आत, म्हणाला,
नाहीतर पैसे परत.
ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली.
ठराव तीन विरुद्ध दोन.

वेगळं खातं उघडलं, वेगळी वही घातली.
पहिल्या ओळीत तिचं नाव.

पुलाचे पैसे पुलाला लागले. बागेत दोन झोपाळे आले.
बंबाचे पुरले नाहीत;
गाव म्हणावं तसं वाढलंच नाही.
नवव्या वर्षी मी चेक लिहिले, व्याजासकट,
सध्याच्या मालकाच्या नावे. नियम तसाच आहे.
चौदा नंबर तिने सहाव्या वर्षीच विकलेलं.

नव्या माणसाचा फोन आला:
"हे फसवाफसवीचं तर नाही ना?
मी तर काही भरलं नव्हतं."

नाही, म्हटलं. घराने भरलं होतं.

वही मिटली. मग पुन्हा उघडली,
तिच्या नावापुढे कंसात पेन्सिलीने लिहिलं:
बंब आला नाही.