चिठ्ठीवर चाळीस

खानापूरच्या अलीकडे, रेल्वे फाटकाला लागून
आमची खोली. आतलं घड्याळ साडेपाच तास मागे.
बिघडलेलं नाही;
जगभरच्या यंत्रांनी एकच वेळ मानायची
म्हणून तसं ठेवलेलं.

भरमाण्णा काकतकर खाणीत सुरुंग लावायचा.
संध्याकाळी चिठ्ठी आणून द्यायचा:
भोकं सहा, दारू चाळीस किलो, वेळ सव्वाबारा.
मी ती वजा करायचो.
वजा करून जे उरतं ते ऐकायचं,
एवढंच माझं काम.

भूकंप ओढाताणीचा. कुठे वर ढकलतो,
कुठे खाली खेचतो. मागून लांब लाटा
रेंगाळत येतात, लग्नघरचे पाहुणे
निघता निघत नाहीत तशा.
स्फोट चहूकडे फक्त ढकलतो.
कुठल्याही देशात बसून बघा, सुई आधी वर.
मग लगेच गप्प,
काही केलंच नाही अशा चेहऱ्यानं.

एका पहाटे तशी रेघ आली,
पृथ्वीच्या पोटातून, दहा मिनिटांचा प्रवास करून.
त्या देशानं दुपारी नाही म्हटलं.
रात्री हो.
मी नुसती वेळ आणि उंची कळवली होती.

त्याच महिन्यात चिठ्ठीवर चाळीस,
कागदावर दीडशेच्या आसपास.
तेही लोंढ्याची मालगाडी फाटकावर असताना.
गाडी सावकाश येते, सावकाश जाते,
कागदावर सुरवंटासारखी केसाळ दिसते.
त्या सुरवंटाच्या पाठीवर
एक काटा.

भरमाण्णाला दाखवला. वाकून बघत राहिला.
कान सुरुंगांनी गेलेले, म्हणून ओरडूनच बोलला,
"मालक म्हणटला गाडीत खपतंय.
कागद नाव बी सांगतंय काय ओ?"
नाही, म्हटलं. कुठे, कधी, किती.
कोण, ते माणसांनी सांगायचं.

बराच वेळ काही नाही.
"शाळंच्या भिंतीला भेग गेलीया."
त्याची धाकटी तिथेच, दुसरीत.

मग माझं पेन मागून घेतलं.
उजव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांनी
चाळीसवर काट मारली,
दीडशे लिहिलं, अक्षरी.
एकदा मराठीत.
तहसीलदारासाठी एकदा कानडीत.
खाली सही, तिचा शेवटचा काना
कागदाबाहेर, टेबलावर.

फाटक उघडलं होतं. स्कूटरी सुटल्या.
सुई अजून
गाडीचं शेपूट काढत होती.