येताना हात उचलायचा

जळगाव. मे महिना. प्रयोगशाळेचा एसी
अर्ध्या मनाने चाललेला.
काचेच्या तुकड्यावर पिवळसर पॉलिमरचा थेंब सोडून
मी तबकडी फिरवते, मिनिटाला तीन हजार फेरे,
थेंबाचा होतो पापुद्रा,
एका केसाचे हजार पदर काढले
तर त्यातला एक.
मग भट्टी. दोनशे तीस अंश, एक तास.

नुसता पापुद्रा असून भागत नाही,
त्याला दिशा लावावी लागते, मखमलीने घासून.
मखमल मी फुले मार्केटातून आणली,
ब्लाउजांच्या ठाणातली उरलेली, जांभळी, सव्वा मीटर.
कुणाचं लग्न? दुकानदाराने विचारलं.
काचेचं, म्हटलं. त्याने पाच रुपये सोडले.

घासायचं यंत्र आमच्या मागणीपत्रात
चार वर्षं तिसऱ्या नंबरावर आहे.
तेव्हा हातानेच. पुढे-मागे, पुढे-मागे,
सावद्याला आई परात घासते तसं.
दोन काचा जोडल्या, फटीच्या तोंडाशी
द्रवस्फटिकाचा थेंब टेकवला,
तो आपण होऊन आत ओढला गेला.
सूक्ष्मदर्शकात पाहते तर
रेणू आडवे झालेत खरे, पण निम्मे इकडे मान करून,
निम्मे तिकडे, आणि मधून उसवलेल्या शिवणीसारखे
वाकडेतिकडे धागे.

हिलाल तात्या दारात उभे. शिपाई होण्याआधी
नऊ वर्षं ते सराफ बाजारात
चांदीच्या ताटांना झिलई द्यायचे.
म्हणाले, "जातांना घासानं, पोरी.
येतांना हात उचली लेवानं."
आणि हातातली किल्ली खिशात टाकून
मखमल गुंडाळली लाकडी ठोकळ्याला.

वीस वेळा.
जाताना काचेवर, येताना हवेत.
मनगट हलत नव्हतं, खांदा हलत होता.
मी वजन मोजायला काटा आणला होता,
तो तसाच राहिला.

ती काच भरली. तबक फिरवलं:
गच्च काळं. पंचेचाळीस अंशांवर
सगळं एकदम उजळलं, कुठे धागा नाही.
फक्त डावीकडे, खाली,
स्वल्पविरामाएवढी एक रेघ.
तात्यांना दाखवली. ते बराच वेळ
भिंगाला डोळा लावून वाकले होते.
"सतराव्या येळले," म्हणाले, "खोकला उना व्हता."

दोन वाजून दहा मिनिटांनी वीज गेली.
दिवा इन्व्हर्टरवर, एसी नाही.
हा द्रव पस्तीस अंशांपर्यंतच दिशा धरतो.
भिंतीवरचा पारा तेहतीस, चौतीस,
आणि छत्तिसाला उजेड विझला.
कुठूनही फिरवा, काळंच.
आत रेणू कुणाचे कुणी राहिले नव्हते.
सकाळपासूनचं काम गेलं असं समजून
मी खिडकीचे पडदे ओढले, डबा उघडला,
शेवेची भाजी गारढोण, खाल्लीही नाही नीट.

वीज आली सातला. खोली निवायला
आणखी तास.
मग कडेकडेने उजेड परत आला,
काहीही न सांगता, त्याच दिशेत,
कारण द्रव विसरला होता, पापुद्रा नाही.
आणि डावीकडे, खाली,
तात्यांचा खोकला. जागच्या जागी.

सरांनी फोनवर सांगितलं, डाग असलेला नमुना काढून टाक,
निबंधात वीस फेऱ्या, एक दिशा, एवढंच लिही.
तेवढंच लिहिलं.
काच खणात ठेवली, वर चिकटपट्टीवर
नुसता आकडा: सतरा.

दिवे बंद करताना तात्यांनी विचारलं,
उरलेली मखमल लागेल का, नातीची बाहुली
किती दिवस उघडीच आहे.
कात्री घेतली. कापण्याआधी
बोट फिरवून पाहिलं
लव कुठल्या बाजूला झुकते.