सव्वासोळा

उकंडा वाढ्याच्या भिंतीला
हत्यारांपेक्षा लाकडाचे तुकडेच जास्त टांगलेले.
एक कमानीचा, बंडीच्या चाकाचे पाटे आखायला,
एक तिरप्या भोकाचा, बाजेच्या पायांसाठी,
एकाला नुसतीच खाच : फळी तिच्यात अडकवायची
आणि कापत सुटायचं, दहाच्या दहा जुळे भाऊ.
"डोकं एकदाच लावाचं," तो म्हणे,
"मंग नुसते हात."

सगळ्यांत लांब पट्टी बिजाची,
तेलानं, तळव्यांनी काळी पडलेली.
अख्ख्या गावाच्या तिफणीचे दाते
तिच्यावरूनच आखलेले.
अठरा इंच, असं सगळेच म्हणत.

मी यवतमाळच्या आयटीआयमधून
स्टीलचा टेप घेऊन आलेला.
तो दुपारी लवंडला तेव्हा मोजली.
सव्वासोळा.
उलटी करून मोजली.
सव्वासोळा.

त्याची लाज मलाच वाटली.
बोललो नाही.
रामकोरबाईचा डवरा तेवढा
टेपानं केला, अठराच्या हिशेबानं,
गुण्या लावून, कोपरा न् कोपरा काटकोनात.

आठव्या दिवशी ती आली.
पदरातली ज्वारी काढून
माझ्या ठिय्यावर मांडली, एकेक धाट,
मुळाशी कापलेलं.
एकवीस.
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी उकंडा मला धुऱ्याधुऱ्यानं घेऊन गेला.
गणूजीचं वावर, देवस्थानाचं,
पोडाखालचा उतार, बेंबळेकाठची काळी,
जिकडं पाहावं तिकडं तेच तास,
निंदणाऱ्या बाया तेवढ्याच अंतरात बसलेल्या.

"बाप चुकला माहा,
का त्या दिवशी लाकूडच कमी पडलं, कोनाले मालूम,"
तो तंबाखू मळत म्हणाला.
"पन त्यानं तिफन बी तिच्यावरूनच केली
न् डवरा बी."
मग थुंकला, आणि घरी येईपर्यंत
बैलाच्या पायाबद्दल बोलत राहिला.

यंदा पट्टीची कड झिजली.
सागाची नवी करायला घेतली.
टेप लावला, सव्वासोळावर खूण केली,
पुसली.
जुनीच वर ठेवून आरीनं कड ओढली,
तिच्या टवक्यासकट.

भिंतीवर अजून एक आहे, तीन भोकांची.
कशाची, ते उकंडालाही ठाऊक नव्हतं,
पण चुलीत घालू देत नसे.
जाळी झटकतो
आणि त्याच खिळ्याला परत टांगतो.